मोस्ता गांवचा घुमट

एखादी इमारत नक्कल ठरली कीं टीकाकाराचें काम संपलें, अशी समजूत आपल्याकडे आणि पश्चिमेकडेहि रूढ आहे. माल्टा बेटावरील मोस्ता या गांवच्या वर्तुळाकार चर्चविषयीं जें लिहिलें जातें, त्यांतील बराचसा भाग दोन वाक्यांत सांगतां येतो: तें रोमच्या पँथिऑनची नक्कल आहे, आणि १९४२ सालीं त्याच्या घुमटांतून एक बाँब आंत पडला तो फुटला नाहीं. पहिल्या वाक्यांत इमारतीची उपेक्षा आहे. दुसऱ्यांत ती एका चमत्काराची पेटी होऊन बसली आहे. या दोहोंच्या मध्यें खुद्द इमारत पाहावयाची राहून जाते. प्रस्तुत लेखांत इमारतीकडे इमारत म्हणून पाहण्याचा विचार आहे. आणि नकलेच्या आरोपाचीहि थोडी छाननी करावयाची आहे, कारण हा आरोप मोस्ताच्या गांवकऱ्यांवर जितका येतो तितकाच गेल्या दोन शतकांतील आपल्या कित्येक इमारतींवर, आणि खरें बोलावयाचें तर आपल्या पुष्कळशा वाङ्मयावरहि येतो.

माल्टा हें भूमध्यसमुद्रांत सिसिलीच्या दक्षिणेस असलेलें लहानसें बेट. १५३० पासून १७९८ पर्यंत तेथें सेंट जॉनच्या पंथांतील धर्मवीरांचें राज्य होतें. नेपोलियननें त्यांना हुसकून लाविलें, दोन वर्षांतच फ्रेंचांनाहि जावें लागलें, आणि पुढें १९६४ पर्यंत इंग्रजांचा अंमल राहिला. लोक निष्ठावंत कॅथलिक, पण भाषा अरबीच्या कुळांतली. त्यामुळें चर्चमध्यें गुडघे टेंकून बसलेला ख्रिस्ती माणूस देवाला ‘अल्ला’ म्हणून हांक मारतो, आणि ईस्टरपूर्वीच्या उपासकाळास ‘रांदान’ म्हणतो, ज्यांत आपणांस रमजान सहज ऐकूं येतो. एका धर्माचा शब्द घेऊन त्यांत दुसऱ्या धर्माची श्रद्धा भरण्याची ही संवय ज्यांच्या जिभेंत मुरली आहे, त्यांनीं रोमच्या जुन्या देवळाचा आकार मरियामातेसाठीं घेतला तर त्यांत नवल तें काय?

बेटावरील बहुतेक गांवचर्चें बरोक पद्धतीचीं आहेत. लांबट क्रूसाकार आंखणी, पुढें दोन घंटामनोरे, आंत सोनेरी नक्षीची दाटी, असा त्यांचा ठरीव थाट असतो. गोव्यांतील चर्चें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना ही जात ओळखावयास वेळ लागणार नाहीं. मोस्ताचें जुनें चर्च सतराव्या शतकाच्या आरंभीं तोम्मासो दिंग्ली या माल्टाच्याच वास्तुकारानें बांधलेलें होतें. गांव वाढला, चर्च अपुरें पडूं लागलें, आणि नव्या चर्चचा आराखडा जॉर्जिओ ग्रोन्ये द व्हासे यानें केला. ३० मे १८३३ रोजीं कामास आरंभ झाला. आराखडा पाहतांच बिशप फ्रांचेस्को सावेरिओ कारुआना यांनीं नापसंती दर्शविली. वाटोळी इमारत, वर भला मोठा घुमट, पुढें स्तंभमंडप. हें तर मूर्तिपूजक रोमनांचें देऊळ झालें, कॅथलिक उपासनेस तें कसें शोभावें, असा त्यांचा आक्षेप होता.

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. कॅथलिक उपासनेंत मिरवणुकीला महत्त्व आहे. दारापासून वेदीपर्यंत माणसानें चालत जावें, डोळ्यांसमोर एक शेवट असावा, असा लांबट चर्चचा हेतु असतो. वर्तुळांत असा शेवट नसतो. तेथें मनुष्य मध्याकडे ओढला जातो आणि मध्यावर येऊन थबकतो. पुढें कोठें जावें हें भिंती सांगत नाहींत. बिशपमहाशयांना ही अडचण जाणवली असल्यास त्यांची जाण बरोबर होती. परंतु आकार मूर्तिपूजकांचा आहे म्हणून तो त्याज्य, हें म्हणणें मात्र त्यांच्याच धर्मसंस्थेच्या इतिहासाशीं जुळणारें नव्हतें. ज्या पँथिऑनच्या साम्याची त्यांना धास्ती वाटली तें पँथिऑनच सन ६०९ पासून मरियेच्या व हुतात्म्यांच्या नांवानें चर्च झालेलें आहे. बाराशे वर्षें ज्या छताखालीं ख्रिस्ती प्रार्थना चालत आली त्याचा आकार एका खेडेगांवानें उचलला, तर तो मूर्तिपूजकांकडून उचलला कीं ख्रिस्त्यांकडून, याचा निवाडा सोपा नाहीं.

ग्रोन्ये हा गृहस्थ मोठा विलक्षण. फ्रेंच वंशाचा पण जन्मानें माल्टाचा, तरुणपणीं इटलींत शिकलेला, नेपोलियनच्या सैन्यांत राहून आलेला. वास्तुकलेचें रीतसर शिक्षण त्याला मिळालें नव्हतें. जें येत होतें तें पुस्तकें, प्रवास व पुराणवस्तूंचा नाद यांतून आलेलें. हा नाद त्याला फार दूर घेऊन गेला. समुद्रांत बुडालेल्या अटलांटिस खंडाचा अवशेष म्हणजेच माल्टा, असें त्याचें मत होतें, व त्यावर त्यानें १८५४ सालीं पुस्तकहि प्रसिद्ध केलें. या मताच्या पुष्ट्यर्थ पुढें आलेला एक शिलालेख बनावट निघाला. अशा मनुष्याच्या हातून एक खरी इमारत कशी झाली, हें कोडें लेखकांना पडतें, आणि मग ‘एका हौशी स्वप्नाळूची नक्कल’ असा शेरा मारून ते मोकळे होतात. मला वाटतें कीं कोडें असें नाहींच. शिलालेख कागदावर व दगडावर खोटा उभा करतां येतो. घुमटाला मात्र खोटेपणा परवडत नाहीं. शंभर फुटांहून अधिक रुंदीचें दगडी छत स्वतःच्या भारानें उभें राहतें किंवा पडतें. ग्रोन्येची कल्पनाशक्ति जेथें गुरुत्वाकर्षणाच्या ताब्यांत आली तेथें ती कामास आली, एवढाच याचा अर्थ. शिवाय ती एकट्या त्याच्या हातीं नव्हती, हें पुढें दिसेलच.

या चर्चच्या बांधणींतील खरी नवलाची गोष्ट घुमटाच्या मापांत नसून बांधण्याच्या रीतींत आहे. जुनें चर्च पाडावें तर वर्षानुवर्षें उपासना कोठें करावी? गांवानें जुनें चर्च तसेंच ठेवून त्याच्या भोंवतीं नवी वर्तुळाकार भिंत उठविली. आंत जुन्या छताखालीं लग्नें, बारसीं, अंत्यविधि चालू, बाहेर दगड चढताहेत, असें सुमारे २७ वर्षें चाललें. गांवकऱ्यांनीं या कामाला स्वतःचे हात लाविले. शेवटीं घुमट मिटला तेव्हां त्याच्या पोटांत एक आख्खें चर्च उभें होतें. १८६० सालीं तें पाडून त्याचे दगड बाहेर काढले, आणि नव्या चर्चची जमीन मोकळी झाली. जागेवरील उपासना एक दिवसहि न थांबल्यामुळें नव्या वास्तूला ताबडतोब नवा अभिषेक करण्याची गरज कोणास भासली नाहीं. तो समारंभ १८७१ सालीं झाला. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतांना मूर्ति तात्पुरती दुसरीकडे हलवितात. मोस्ताच्या लोकांनीं देव हलविला नाहीं, त्याच्या भोंवतीं नवें घर विणलें.

या युक्तीमुळें एक अडचण मात्र उभी राहिली. मोठ्या कमानी व घुमट बांधतांना खालून लांकडी सांचा उभारतात. दगड त्यावर टेंकतात, चुना घट्ट झाला व शेवटचा दगड बसला कीं सांचा काढून घेतात. येथें खालीं चर्च उभें. त्यांतून माल्टा म्हणजे झाडांचा दुष्काळ. एवढ्या रुंदीचा सांचा उभारावयाचा तर लांकूड जहाजांनीं आणावें लागलें असतें. तेव्हां घुमट जमिनीपासून परांची उभारल्यावांचून चढविला गेला. हें ऐकून पुष्कळांना जादू वाटते. पण त्यामागील तत्त्व समजण्याजोगें आहे. कमान पुरी होईपर्यंत ती उभी राहूं शकत नाहीं, कारण तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर विसंबून असतात. घुमटाचें तसें नाहीं. घुमट म्हणजे एकावर एक ठेवलेल्या आडव्या कड्यांची रास. प्रत्येक कडें वर्तुळ पुरें होतांच आपोआप घट्ट होतें, कारण त्यांतील प्रत्येक दगड आंत पडावयास पाहतो आणि शेजारचे दोन दगड त्याला पडूं देत नाहींत. म्हणून जपावें लागतें तें फक्त चालू कड्याला, तें मिटेपर्यंत. फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध घुमटावर ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या काळांत हेंच तत्त्व वेगळ्या रीतीनें वापरलें होतें. मोस्ता येथें आन्जेलो गात्त या मुख्य गवंड्याच्या देखरेखीखालीं हें काम झालें. पाथरवटाचा हात थोडा चुकला, एका कड्यांत फट राहिली, तर वरील सर्व कड्यांना तिचें व्याज भरावें लागतें. वास्तुकारानें कागदावर वर्तुळ काढणें आणि गवंड्यानें तेंच वर्तुळ हवेंत, आधाराशिवाय, दगडानें काढणें, यांतील दुसरें काम अधिक अवघड आहे हें कोणीहि मान्य करील. चर्चच्या वर्णनांत ग्रोन्येचें नांव नेहमीं पहिलें असतें आणि गात्तचें असलेंच तर तळटीपेंत. हा क्रम न्याय्य नाहीं.

माल्टाचा दगड या कामीं उपयोगी पडला, हेंहि सांगितलें पाहिजे. तो मधासारख्या पिवळसर रंगाचा चुनखडीचा दगड. खाणींतून काढतांना इतका मऊ कीं करवतीनें कापतां येतो, आणि उघड्यावर राहिला कीं वरून कठीण होतो. कोंकणांतील जांभ्याचा गुण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें पटेल. आमच्या घाटावरील काळ्या पाषाणांत सांध्याला सांधा इतक्या हलक्या हातानें बसविणें फार कष्टाचें झालें असतें. दगड मऊ असल्यामुळें भिंती मात्र फार जाड ठेवाव्या लागल्या. घुमटाचा खालचा भाग बाहेर पसरूं पाहतो. तो रेटा अंगावर घेण्यासाठीं भिंतीची जाडी लागते. या चर्चच्या भिंती कित्येक मीटर जाड आहेत आणि आंतील कोनाडे त्या जाडींतच खोदल्यासारखे दिसतात.

आतां मापें. मोस्ताच्या घुमटाचा आंतील व्यास सुमारे ३७ मीटर, म्हणजे १२२ फूट. पँथिऑनचा १४२ फूट. मराठी वाचकाला मात्र रोमपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. विजापूरच्या गोल घुमटाचा आंतील व्यास सुमारे १२४ फूट आहे, म्हणजे दोघांत जेमतेम दोन फुटांचें अंतर. शहाजीराजांनीं ज्याची चाकरी केली त्या महंमद आदिलशहाची ही कबर. १६५६ सालीं तो वारला तेव्हां दक्षिणेच्या मध्यावर हा प्रचंड गोल उभा होता. दोन्ही इमारती शेजारीं ठेवून पाहिल्या तर दोघींचेंहि मर्म अधिक स्पष्ट होतें. विजापूरच्या कारागिरानें चौरस दालनावर गोल घुमट ठेवण्याचें अवघड काम पत्करलें, आणि एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचें जाळें विणून चौरसाचें वर्तुळ केलें. त्या कमानींकडे पाहतांना बुद्धीला जो आनंद होतो तो मोस्ता येथें मिळत नाहीं. तेथें वर्तुळावर वर्तुळ ठेवलें आहे. भूमितीचें कोडें नाहीं, म्हणून तें सोडविल्याचा विजयहि नाहीं. शुद्ध वास्तुविचाराच्या दृष्टीनें पारडें विजापूरकडे झुकतें, हें मी निःशंकपणें म्हणेन. परंतु विजापूरचा घुमट एका राजानें स्वतःच्या मृत देहासाठीं, राज्याच्या तिजोरींतून उभारविला. मोस्ताचा घुमट एका खेड्यानें रविवारच्या प्रार्थनेसाठीं उभारला. जवळजवळ तेवढाच. ही गोष्ट कलेच्या हिशेबांत धरावयाची कीं नाहीं, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मतें ती धरावी लागते, कारण इमारतीचें माप तिच्या प्रयोजनाशीं ताडून पाहिल्यावांचून तिच्या भव्यतेला अर्थ येत नाहीं. जो आकार राजाच्या कबरींत दर्प वाटतो तोच गांवच्या देवळांत वेडें साहस वाटतो.

दर्शनी भागाबद्दल मात्र माझें मत तितकें अनुकूल नाहीं. सहा आयोनिक स्तंभांचा मंडप, वर त्रिकोणी माथा, दोन्ही अंगांस दोन घंटामनोरे. स्तंभमंडप व मागचा गोल यांचा सांधा पँथिऑनमध्येंहि नीट जुळलेला नाहीं. पुढची चौकोनी इमारत मागच्या गोल इमारतीला चिकटविल्यासारखी दिसते. मोस्ता येथें मनोऱ्यांनीं हा दोष थोडा झांकला आणि थोडा वाढविला. समोर उभें राहून पाहतां मनोरे घुमटाशीं स्पर्धा करतात. दूरच्या शेतांतून पाहिलें तर ते नाहींसे होऊन घुमट तेवढा उरतो. या मनोऱ्यांवरून ग्रोन्येला नेहमीं दोष देतात: अस्सल रोमन देवळाला घंटामनोरे कोठून आले? येथें एक गोष्ट टीकाकार विसरतात. सतराव्या शतकांत खुद्द पँथिऑनवर दोन घंटामनोरे चढविण्यांत आले होते. रोमचे लोक त्यांना ‘बेर्निनीचे गाढवकान’ म्हणून हिणवीत. तथापि ते १८८३ सालापर्यंत जागेवर होते. म्हणजे १८३३ सालीं ज्याला पँथिऑन ठाऊक होतें त्याला मनोऱ्यांसह पँथिऑन ठाऊक होतें. आज आपण जें स्वच्छ केलेलें पँथिऑन पाहतों तें ग्रोन्येनें पाहिलेंच नाहीं. त्यांतून माल्टाच्या बहुतेक गांवचर्चांना दोन मनोरे असतात. गांवकऱ्यांना घंटा हव्या होत्या, वास्तुकाराला रोम हवें होतें, आणि रोमनें त्या वेळीं दोघांचीहि सोय करून ठेविली होती. मनोरे सुंदर नाहींत, हें खरें. पण ते अज्ञानाचे द्योतक नाहींत.

आंत गेल्यावर मूळ आणि अनुकरण यांतील फरक अधिक कळतो. पँथिऑनच्या माथ्यावर उघडें छिद्र आहे. ऊन, पाऊस सरळ आंत येतो, आणि दिवस चढेल तसा उन्हाचा एकच गोल भिंतीवरून सरकत जातो. मोस्ता येथें माथ्यावर कंदिलासारखा लहान मनोरा बसवून तें छिद्र बंद केलें आहे. उपासनेसाठीं तें आवश्यक असेल. पण त्यानें घुमटाचा आकाशाशीं असलेला संबंध तुटला आणि तो एक फार मोठें छत झाला. घुमटाच्या आंतील अंगावर खणांचें जाळें असून त्यांत निळा, पांढरा व सोनेरी रंग भरलेला आहे. भिंतींवरील चित्रें जुझेप्पे काली या माल्टाच्या चित्रकाराचीं; तीं पुढच्या पिढींतलीं, ग्रोन्येच्या मृत्यूनंतर काढलेलीं. काली हा समर्थ चित्रकार खरा. पण ज्या दालनाचें सारें बळ रिकाम्या जागेंत आहे तेथें रंगांची ही रेलचेल मला अडखळविते. नवअभिजात कलेनें बरोकला दारांतून बाहेर काढलें आणि गांवानें त्याला खिडकींतून परत बोलाविलें, असें म्हणावेंसें वाटतें. अर्थात् ज्यांनीं पैसे व श्रम दिले त्यांना आपलें देऊळ सुनेंसुनें वाटूं नये असें वाटल्यास त्यांना दोष कसा द्यावा? सणाच्या दिवशीं, १५ ऑगस्टला मरियामातेचें स्वर्गोन्नयन साजरें होतें तेव्हां, त्यांना सोनें हवें असतें. वास्तुकलेचा सिद्धान्त नको असतो.

नकलेचा प्रश्न येथें पुन्हां येतो. ज्या १८३३ सालीं मोस्ताच्या कामास आरंभ झाला त्याच सालीं मुंबईचा टाऊन हॉल पुरा झाला. डोरिक स्तंभ, रुंद पायऱ्या, ग्रीक देवळाचा थाट; कर्नल थॉमस कूपर यानें आराखडा केला. प्रथम लॉटरी काढून पैसे उभारण्याचा यत्न झाला, आणि अखेर सरकारला खर्च सोसावा लागला. त्या पायऱ्यांवर बसलेल्या आणि आंतील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत शिकलेल्या पिढ्यांनीं तो आपलासा केला, हें खरें आहे. पण तो आपलासा होण्यास वेळ लागला, कारण तो बांधतांना आपणांस कोणीं विचारलें नव्हतें. माल्टांतहि राज्यकर्त्यांनीं व्हालेट्टा शहरांत १८३९ ते १८४४ च्या दरम्यान स्वतःसाठीं स्तंभमंडपाचें अँग्लिकन चर्च उठविलें. तें आणि मोस्ताचें चर्च एकाच काळांतलीं व एकाच अभिजात घराण्यांतलीं. तरी दोघांतला भेद मुंबईकराला सांगावा लागणार नाहीं. एकांत आकार वरून आला. दुसऱ्यांत तो गांवानें मागून घेतला, बिशपाची नापसंती सोसून घेतला, आणि आपल्या दगडांत, आपल्या गवंड्यांकडून, जुन्या चर्चच्या अंगावर चढवून घेतला. आकार मूळचा कोणाचा, एवढेंच पाहणाऱ्याला हा भेद दिसणार नाहीं. तो घेण्याची क्रिया कशी झाली हें पाहणाऱ्यालाच दिसेल.

पुढें १८७८ सालीं रशियाशीं युद्धाचा प्रसंग येतो असें दिसतांच हिंदी पलटणी मुंबईहून माल्टास नेण्यांत आल्या होत्या. त्यांत मुंबई इलाख्याचेहि शिपाई होते. त्यांतील कोणी सपाट मैदानावरून तो घुमट पाहून विजापूरची आठवण काढली असेल तर नकळे.

आतां तो बाँब. ९ एप्रिल १९४२ रोजीं दुपार उलटल्यावर जर्मन विमानांनीं टाकलेला सुमारे ५०० किलो वजनाचा बाँब घुमट भेदून आंत पडला. प्रार्थनेसाठीं जमलेलीं शेंकडों माणसें आंत होतीं. बाँब फुटला नाहीं; कोणास इजा झाली नाहीं; सैन्याच्या तुकडीनें तो निकामी करून समुद्रांत टाकला. त्यानंतर सहाच दिवसांनीं, १५ एप्रिलला, इंग्लंडच्या राजानें साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस दिला. बाँबच्या आंत दारूऐवजीं वाळू होती व कारखान्यांतील सक्तीच्या मजुरांची चिठ्ठी होती, अशीहि एक कथा फिरते. तिला पुरावा नाहीं, आणि तिची गरजहि नाहीं. श्रद्धाळूंनीं यास चमत्कार म्हणावें. त्यांच्या म्हणण्यांत मी लुडबूड करीत नाहीं. पण वास्तुकलेच्या बाजूनें एक प्रश्न विचारणें अवश्य आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो: भोंक पडल्यावर घुमट का पडला नाहीं?

याचें उत्तर कड्यांच्या त्याच रचनेंत आहे. पँथिऑनचा माथा उघडाच आहे. म्हणजे घुमटाला छिद्र चालतें. एका जागीं दगड निघाले तर त्यांच्यावरील भार शेजारच्या दगडांवरून वळसा घेऊन खालीं उतरतो, जसा पाणी दगडाला वळसा घालून जातें. कमानींतून एवढे दगड निघाले असते तर कमान कोसळली असती. परांचीशिवाय, कड्यामागून कडें मिटवीत ज्यांनीं तो घुमट चढविला, त्यांच्या कामाची परीक्षा ८२ वर्षांनीं अशा रीतीनें झाली. न फुटलेल्या बाँबचें श्रेय कोणाला द्यावें याविषयीं मतभेद असूं शकतील. न पडलेल्या घुमटाचें श्रेय आन्जेलो गात्त आणि त्याच्या गवंड्यांना द्यावें लागतें. चर्चमध्यें त्या बाँबची प्रतिकृति पाहावयास ठेवलेली आहे, आणि प्रवासी प्रथम तिच्याकडे वळतात. त्यांनीं मान वर करून घुमटाकडेहि तितकाच वेळ पाहावें.

२०१८ सालीं या चर्चला बॅसिलिकेचा मान मिळाला. त्याच्याहि आधीं, १९५१ सालीं, शेजारच्या गोझो बेटावरील शेउकिया या लहान गांवानें मोठ्या घुमटाचें आपलें चर्च बांधावयास घेतलें. तेथेंहि आंत जुनें चर्च उभें ठेवून भोंवतीं नवी भिंत चढविली गेली, आणि काम पुरें होण्यास बरींच वर्षें लागलीं.